नट का सुटत नाही?

कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या व्याख्यानाचे नाव वाचून काही मंडळी रंगभूमीविषयी चार गोष्टी ऐकायला मिळतील अशा अपेक्षेने आली असतील, तर त्यांची आम्ही आरंभीच क्षमा मागतो. आम्ही ज्या नटाविषयी बोलणार आहोत तो तोंडाला रंग लावीत नाही. फार तर त्याला गंज चढतो. तो जागच्या जागी असेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही, आणि आठवण होते तेव्हा बहुधा रात्र असते, पाऊस असतो आणि गाडीत लहान मूल रडत असते.

आम्हांला ती आठवण गेल्या पावसाळ्यात झाली. पुण्याहून साताऱ्याकडे येत होतो. गाडी जावईबापूंची, मागे आमची मुलगी आणि तीन वर्षांचा नातू. शिरवळ ओलांडले आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे मागचे डावे चाक बसले. पंक्चर ही काही मोठी आपत्ती नव्हे. जादा चाक होते, जॅक होता, चाकाचा पाना होता. दहा मिनिटांचे काम म्हणून आम्ही दोघे खाली उतरलो. परंतु चार नटांपैकी एकही हलेना. जावईबापूंनी दोन्ही हातांनी जोर केला, मग पान्यावर पाय दिला, शेवटी पान्यावर उभे राहिले. पाना निसटला, ते गुडघ्यावर आपटले, आणि नटाचे कोपरे तेवढे झिजले. नोकरीची पहिली बारा वर्षे आम्ही कारखान्यात आधी फिटरच्या हाताखाली आणि मग फिटर म्हणून काढली आहेत. त्या रात्री त्या बारा वर्षांची आम्हांला लाजच वाटली.

अर्ध्या तासाने एक मालमोटार थांबली. चालक खाली उतरला, विजेरीच्या उजेडात नटांकडे पाहून म्हणाला, "काका, गनने आवळलेत. असे नाही सुटायचे." त्याने आपल्या गाडीतून दोन हात लांबीची लोखंडी नळी आणली, आमच्या पान्याच्या दांड्यावर चढवली, आणि नट सोडवण्याऐवजी प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने दाबला. कट्‌ असा आवाज झाला. मग त्याने हात उलटा फिरवला आणि नट मुकाट्याने सुटला. चारही नट असेच निघाले. त्याने चहाचे पैसेही घेतले नाहीत.

चार दिवसांनी आम्ही, ज्या दुकानात महिन्यापूर्वी ती चाके बसवली होती तेथे गेलो. मनात भांडण होते. समोर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा हातात हवेची गन घेऊन उभा. आम्ही त्याला विचारले, "बाळ, एवढे कशाला आवळतोस?" तो शांतपणे म्हणाला, "काका, चाक निखळलं तर मला धरतील. नट घट्ट बसला म्हणून आजवर मला कोणी बोललेलं नाही."

श्रोतेहो, या उत्तराने आमचे भांडण जागीच विरले. गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही कामगारांची गाऱ्हाणी ऐकत आलो आहोत, आणि खरे उत्तर कानावर पडले की ते ओळखू येते. त्या मुलाच्या उत्तरामागे दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम बोल्ट म्हणजे काय ते पाहू. दोन वस्तू जोडण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. खिळा ठोकता येतो, रिव्हेट मारता येते, सांधा वितळवून एकजीव करता येतो. हे सांधे एकदा केले की तोडावेच लागतात. बोल्टाचे वैशिष्ट्य असे की तो उघडण्यासाठीच निर्माण झाला. जोडणाऱ्याने जोडावे आणि पुढे कधीतरी दुसऱ्या कोणी ते मोडतोड न करता सोडवावे, असा जणू एक करार त्याच्या आट्यांत कोरलेला असतो. न सुटणारा बोल्ट म्हणजे मोडलेला करार होय.

आता तो घट्ट कसा राहतो? पुष्कळांची समजूत अशी की आटे एकमेकांत अडकले म्हणजे झाले. खरी गोष्ट अशी की बोल्ट हा एक ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट केसभर लांबतो, आणि पूर्ववत आखूड होण्याच्या त्याच्या धडपडीने दोन्ही वस्तू एकमेकींवर दाबल्या जातात. परंतु आपण पान्याला जो पीळ देतो त्यातला फार थोडा भाग या कामी येतो. ढोबळ हिशेब असा की शंभरातले पन्नास भाग नटाखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहाच बोल्ट ताणण्याच्या कामी येतात. म्हणून हाताला जाणवणारा घट्टपणा आणि प्रत्यक्षातला ताण यांचे नाते मोठे फसवे असते. आटे कोरडे किंवा गंजके असतील तर जोर पुष्कळ लागतो आणि ताण थोडा येतो. आट्यांना तेल असेल तर त्याच जोराने ताण प्रमाणाबाहेर वाढतो. मर्यादा ओलांडली की बोल्ट कायमचा लांबतो, आटे एकमेकांना चावतात, आणि मग तो धड धरूनही ठेवीत नाही आणि धड सुटतही नाही. "तुटेपर्यंत ताणू नये" ही आपल्या वाडवडिलांची म्हण कोणी फिटरानेच केली असावी असे आम्हांला पुष्कळदा वाटते.

तेव्हा बोल्ट सुटण्यासाठी दोन मापे लागतात. एक आट्यांचे माप, म्हणजे कोणाचाही पाना व कोणाचाही नट चालावा असा सर्वांचा समान आकार. दुसरे आवळण्याचे माप. पहिल्या मापासाठी माणसाने शंभर-दीडशे वर्षे खर्च केली. दुसरे माप सापडूनही आपण ते अजून नीट हाती धरलेले नाही.

मळसूत्राची कल्पना फार जुनी आहे. ग्रीक-रोमन काळात तेल आणि द्राक्षरस गाळण्याची दाबयंत्रे मळसूत्रावर चालत. परंतु आटे हाताने, कानशीने, नजरेने पाडावे लागत, आणि त्यामुळे एकासारखा दुसरा होत नसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्येही स्थिती अशी होती की प्रत्येक बोल्टाला त्याचा स्वतःचा नट असे. यंत्र खोलले की जोड्यांवर खुणा करून ठेवाव्या लागत. खुणा चुकल्या किंवा नट हरवला की ज्या कारखान्यात यंत्र झाले त्याच कारखान्याचे पाय धरावे लागत. म्हणजे यंत्र विकत घेतले तरी त्याचा धनी बनवणाराच राही.

या गोष्टीला छेद देणारा माणूस हेन्री मॉडस्ले. जन्म १७७१, गाव वुलविच. बाराव्या वर्षी तो तिथल्या सरकारी शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामाला लागला. पुढे लंडनला जोसेफ ब्रॅमा या प्रसिद्ध कुलूपकाराकडे गेला आणि अंगच्या कसबाने मुख्य कारागीर झाला. आठवड्याला ३० शिलिंग मिळत. संसार वाढला, पगार पुरेना. त्याने वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि १७९७ साली त्याने नोकरी सोडून स्वतःचे लहानसे दुकान थाटले. यंत्रयुगाच्या इतिहासात हे पगारवाढीचे प्रकरण दोन ओळींत संपते. आमच्या मते ते अधिक जागेला पात्र आहे. कारण त्या दुकानात पुढल्या दोन-तीन वर्षांत आटे पाडण्याचा जो लेथ उभा राहिला, त्याने कारखानदारीचे रूपच बदलले. आटे पाडणारी यंत्रे त्याच्यापूर्वी कोणी केलीच नव्हती असे नाही. रॅम्सडेन याने ती १७७० च्या दशकात केली होती. मॉडस्लेने हत्यार धरणारा सरकता आधार, मार्गदर्शक मळसूत्र आणि बदलती दंतचक्रे ही तिन्ही एका भक्कम लोखंडी यंत्रात अशी बसवली की हवे तसे आटे, हवे तितक्या वेळा, एकसारखे पडू लागले. मापातला वाद मिटवण्यासाठी त्याने एक सूक्ष्म मापयंत्र केले होते, आणि त्याला तो विनोदाने 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणे. त्यापुढे अपील नाही!

येथे नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्ट्‌स्मथ येथे नौदलासाठी जहाजाच्या कप्प्या बनवण्याची यंत्रे ब्रुनेल यांनी आखली व मॉडस्लेने घडवली. १८०८ पर्यंत ती पुरती चालू झाली, आणि ११० कुशल कारागिरांचे काम १० अकुशल माणसे करू लागली. अचूक माप हे वरदान खरे. परंतु ते कोणाच्या हाती जाते यावर कोणाला वर मिळतो आणि कोणाला शाप हे ठरते. उरलेल्या शंभर कारागिरांचे पुढे काय झाले, याची चौकशी यंत्रांच्या इतिहासात सहसा कोणी करीत नाही.

मॉडस्लेच्या हाताखाली तयार झालेल्यांत जोसेफ व्हिटवर्थ हा एक. आधी मॉडस्लेकडे आणि मग क्लेमेंटकडे शिकून १८३३ साली त्याने मँचेस्टरला कारखाना काढला. एका कारखान्यातले आटे आता एकसारखे पडत होते. पण शेजारच्या कारखान्यातले निराळेच असत. व्हिटवर्थने देशातल्या अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, आणि त्यांची सरासरी काढून १८४१ साली सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे एक समान पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा व तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आटे किती ते ठरलेले : पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८.

या कामाची पद्धत आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. व्हिटवर्थने आपल्या डोक्यातून एखादा आदर्श आटा काढून इतरांवर लादला नाही. सर्वांचे आटे समोर ठेवून मधले माप काढले. प्रत्येकाला थोडेसे सोडावे लागले आणि कोणालाही सगळे सोडावे लागले नाही. वाटाघाटीच्या टेबलावर ज्यांनी वर्षे काढली आहेत त्यांना ठाऊक आहे की टिकणारा तोडगा असाच निघतो. त्याचे फळही लवकरच दिसले. क्रिमियाच्या युद्धात नौदलाला ९० तोफनौकांसाठी एंजिने तातडीने हवी होती. जॉन पेन याने नमुन्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठवून ती ९० दिवसांत तयार करून दिली. आटे सर्वत्र सारखे नसते तर ही गोष्ट अशक्य होती.

त्याच काळात त्याच कारखान्यांत दुसरा एक सांधा जुळत होता. १८५१ साली इंग्लंडमधल्या यंत्रकामगारांच्या अनेक लहान संघटना एकत्र येऊन एक मोठी संघटना झाली. सभासद सुमारे १२,०००. सक्तीचा जादा वेळ आणि उक्ते काम बंद करा ही तिची मागणी. जानेवारी १८५२ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली आणि एप्रिलपर्यंत ती चालली. उपाशी कामगार परत आले तेव्हा युनियन सोडल्याचे लिहून दिल्याशिवाय आत घेणार नाही असे मालकांनी सांगितले. पुष्कळांनी सही केली, आणि पुष्कळांनी युनियन काही सोडली नाही. जबरीची सही बंधनकारक नव्हे अशी त्यांची धारणा होती. त्या संघटनेने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ इंग्लंडच्या कामगार चळवळीत मानाचे स्थान मिळवले. मालकांनी नट प्रमाणाबाहेर आवळला होता. आटे गेले आणि धरणे संपले. करारपत्रे लिहिताना, मग ती आमच्या बाजूची असोत की समोरच्या, आम्हांला ही गोष्ट नेहमी आठवते.

इंग्लंडचे माप ठरले म्हणजे जगाचे ठरले असे मात्र झाले नाही. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स याने अमेरिकेसाठी निराळे आटे सुचवले. कोन ६० अंश, माथा व तळ सपाट. त्याचे म्हणणे असे की व्हिटवर्थचे गोलसर आटे घडवायला जादा हत्यारे आणि जादा यंत्रे लागतात. आपले आटे साधा कारागीर साध्या लेथवर पाडू शकेल. युक्तिवाद बिनतोड होता. परंतु परिणाम असा की अर्धा इंच जाडीच्या इंग्रजी बोल्टावर इंचामागे १२ आटे आणि अमेरिकन बोल्टावर १३. दिसायला जुळे भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्याला लागत नाही, आणि जोर करून लावलात तर दोघांचेही नुकसान. युरोप खंडाने १८९८ साली झुरिकच्या परिषदेत मेट्रिक आटे ठरवले. म्हणजे घरे तीन झाली.

समान माप नसले तर काय होते याचा भीषण धडा अमेरिकेच्या बाल्टिमोर शहराला मिळाला. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तेथे आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि इतर शहरांतून बंब धावून आले. परंतु त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेनात. हजारो माणसे उभी, पाणी हाताशी, आणि तोटीला नळी लागत नाही! आग सुमारे ३० तास चालली आणि १,५०० हून अधिक इमारती जळाल्या.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न दोस्त राष्ट्रांपुढे उभा राहिला. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचे मर्लिन एंजिन बनवायला घेतले तेव्हा इंग्रजी आट्यांची हत्यारे तिला स्वतःच तयार करावी लागली. तुटलेला अमेरिकन बोल्ट इंग्रजी फौजेच्या भांडारात मिळत नसे. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी समान आट्यांच्या करारावर सह्या केल्या. आधीच्याच वर्षी, १९४७ साली, मापांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. तिच्या पहिल्या क्रमांकाच्या तांत्रिक समितीचा विषय मळसूत्राचे आटे हाच आहे. १९६५ साली तर खुद्द ब्रिटनच्या प्रमाण-संस्थेने व्हिटवर्थचे आटे हळूहळू सोडून मेट्रिक आटे घ्यावे असे सांगितले.

आपल्या देशात व्हिटवर्थचे आटे रेल्वे आणि गिरण्यांच्या यंत्रांबरोबर आले. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि नवी यंत्रे मिलिमीटरची येऊ लागली. परंतु जुनी यंत्रे काही भंगारात गेली नव्हती. आम्ही कामाला लागलो तेव्हाही फिटरच्या पेटीत दोन कुटुंबे नांदत : इंची पाने आणि मिलिमीटरचे पाने. त्यातही इंग्रजी पान्यावरचा आकडा बोल्टाची जाडी सांगे आणि अमेरिकन पान्यावरचा नटाच्या दोन बाजूंमधले अंतर. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या मापाच्या नटाला १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो, आणि जोर दिला की कोपरे खातो. नट न सुटण्याची निम्मी प्रकरणे आम्ही अशी चुकीच्या पान्याने ओढवून घेतलेली पाहिली आहेत.

असो. आट्यांचे माप अशा रीतीने बव्हंशी एक झाले. आता दुसऱ्या मापाकडे वळू, कारण आमचे नट त्यानेच अडवले होते. त्या नटांचे आटे अगदी मापात होते.

एकेकाळी जो माणूस बोल्ट बनवी तोच तो बसवी, तोच आवळी, आणि यंत्र बिघडले तर बहुधा तोच सोडवी. आपण आज आवळतो ते उद्या आपल्यालाच सोडवायचे आहे हे त्याच्या मनगटाला ठाऊक असे. ही साखळी तुटली ती मोटारीच्या कारखान्यात. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकता पट्टा आला. गाडीचा सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागत ते दीड तासावर आले. फोर्ड यांनी १९२२ च्या आपल्या आत्मकथनात मोठ्या समाधानाने नमूद केले आहे की त्यांच्याकडे बोल्ट घालणारा, नट लावणारा आणि तो आवळणारा ही तीन निरनिराळी माणसे असतात. आवळणाऱ्याला बोल्टाची सुरुवात ठाऊक नाही आणि शेवटही नाही. तो दिवसभर फक्त आवळतो. १९१३ साली त्या कारखान्यात माणसे इतक्या वेगाने सोडून जात की वर्षाच्या गळतीचे प्रमाण शेकडा ३७० होते. पुढच्याच जानेवारीत रोजचे ५ डॉलर जाहीर करावे लागले त्याचे हे एक मोठे कारण. चार्ली चॅप्लिन यांचा १९३६ चा 'मॉडर्न टाइम्स' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातला कामगार दोन्ही हातांत पाने घेऊन नट आवळतो आणि पट्टा थांबला तरी त्याचे हात थांबत नाहीत. आपण सारे हसतो. ज्यांनी ते काम केले आहे ते थोडे उशिरा हसतात.

आवळणे हेच ज्याचे काम, त्याला कोठे थांबावे हे कोण सांगणार? या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या कारखान्यात सापडण्याआधी रस्त्याखाली सापडले. न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात काम करणारे कॉनरॅड बार यांच्या लक्षात आले की जमिनीखालच्या मोठ्या नळांच्या जोडावरचे बोल्ट माणसे भीतीपोटी प्रमाणाबाहेर आवळतात. किती जोर लागला हे दाखवणारा पाना त्यांनी १९१८ साली केला अशी नोंद आहे. पुढे १९३० च्या दशकात मोटारीच्या कारखान्यांनी तो उचलला. हाच टॉर्क पाना. ठरलेला पीळ बसला की त्यावरचा काटा ते दाखवतो. नव्या पान्यात 'टक्‌' असा आवाज होतो. मनगटाच्या अंदाजाला त्याने आकडा दिला.

आकडे सांगायचे तर लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगावे तेवढा. गाडीबरोबर मिळणारा पाना जेमतेम फूटभर, म्हणून तेथे तेहतीस-चौतीस किलोंचा जोर लागतो. धडधाकट माणसाला हे जमते. घरच्या बाईमाणसालाही थोड्या युक्तीने जमते. हवेची गन मात्र मोकळी सोडली तर दोन-तीन सेकंदांत याच्या कितीतरी पट पीळ देते. मग त्याच फूटभर पान्यावर शंभर किलोंचा माणूस उभा राहिला तरी नट ढिम्म. त्यावर पावसाळा गेला तर गंज येतो, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांतली उरलीसुरली फट तो भरून टाकतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशातली गत होते.

आता सोडवण्याचे शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक असावे. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट ढिले करावेत. आधी जॅक लावून गाडी उचलली तर चाक फिरते, आणि जोर करताना गाडी जॅकवरून घसरून अंगावर येऊ शकते. नटाच्या सहाही बाजू धरणारा, बरोबर मापाचा पाना घ्यावा आणि तो पूर्ण आत बसवावा. जोर वाढवण्यापेक्षा दांडा लांबवावा. दुप्पट लांबीला निम्मा जोर पुरतो. पान्यावर उड्या मारू नयेत. पाना निसटला तर आधी पाय मोडतो. गंज असेल तर गंज सोडवणारे तेल घालून थांबावे आणि हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाची पकड भंगते. चाक परत बसवताना ते तेल पुसून टाकावे, नाहीतर त्याच पिळाने ताण जास्त बसेल. आणि त्या मालमोटारवाल्याने केले तसे आधी किंचित आवळण्याकडे हलवावे, मग सोडवण्याकडे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चिकटलेली पकड एकदा हलली की पुढचे काम सोपे. इतके करूनही नट बधला नाही तर तापवणे, कापणे हे उपाय आहेत, पण ते टायरजवळ घरी करावयाचे नव्हेत.

परंतु हे सारे रोग झाल्यानंतरचे औषध झाले. रोगाचे मूळ त्या मुलाच्या उत्तरात आहे. नट ढिला राहिला तर अपघात होतो, पोलीस येतात, नाव निघते. नट अति आवळला तर त्याची शिक्षा महिन्या-दोन महिन्यांनी, पन्नास मैलांवर, अनोळखी माणसाला होते. आवळणारा एक आणि सोडवणारा दुसरा; दोघांची गाठ कधी पडत नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस जास्तच आवळणार. त्याला आम्ही बेफिकीर म्हणणार नाही. भीती वाटते म्हणूनच तो आवळतो. न्यूयॉर्कच्या नळांवरची माणसे १९१८ साली याच भीतीने आवळीत होती. अति आवळणेही धोक्याचेच असते, ताणलेला बोल्ट पुढे धावत्या गाडीत तुटू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि मुख्य म्हणजे त्याच्या हाती मोजण्याचे साधन नसते. ज्याला माप दिले नाही त्याच्याकडून मापाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? साधन देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ते मिळाले की त्या मुलाचेही संरक्षण होते, कारण उद्या काही झाले तर 'मी ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळले' असे तो ताठ मानेने सांगू शकतो. माप हे कामगाराच्या डोक्यावरचे ओझे आहे असे आमच्यातले काही जण मानतात. आम्हांला ते त्याच्या हातातली ढाल वाटते.

आम्ही त्या दुकानाच्या मालकांनाही भेटलो. भले गृहस्थ आहेत. त्यांनी चहा दिला आणि सांगितले, "पाना घेईन हो, पण एकेका चाकाला वेळ जातो, गिऱ्हाईक थांबत नाही." त्यांनी तो अजून घेतलेला नाही. परंतु त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे. गिऱ्हाईक म्हणजे आपणच. आपण घड्याळाकडे पाहत उभे असतो, आणि गनचा आवाज जितका मोठा तितके काम पक्के अशी आपली समजूत असते.

एक गोष्ट आशादायक आहे. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटारीच्या दुरुस्तीसाठी लागणारी माहिती केवळ कंपनीच्या दुकानांपुरती न ठेवता सर्वांना मिळाली पाहिजे, या प्रश्नावर मतदान झाले आणि लोकांनी मोठ्या बहुमताने कौल दिला. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार घेणाऱ्याचा, हीच त्यातली मागणी. मॉडस्लेच्या आधी प्रत्येक बोल्ट आपल्या कारखान्याशी बांधलेला होता. आज तसेच बंधन निराळ्या रूपाने परत येऊ पाहत आहे. समान आट्यांसाठी जी दीडशे वर्षे खर्च झाली त्यांचे मोल अशा वेळी कळते. कोणाही माणसाने साध्या पान्याने आपले यंत्र उघडावे, एवढ्यासाठी ती खर्च झाली.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती करून आम्ही रजा घेतो. पुढल्या वेळी चाक बसवून घ्याल तेव्हा दोन मिनिटे थांबा. गनने नट टेकवू द्या, पण शेवटचे आवळणे हाताने, मापाच्या पान्याने करायला सांगा. माप नसेल तर निदान गाडीतल्याच पान्याने करायला सांगा. आणि त्या मुलावर ओरडू नका. त्याला एवढेच म्हणा, "बाळ, हा नट पुढे कोणाला तरी रस्त्यात सोडवायचा आहे." आम्ही त्याला हेच म्हणालो. त्याने गन खाली ठेवली, आमच्या गाडीतला पाना मागितला, आणि चारही नट हाताने पुन्हा बसवून दिले.